निळ्या फुलांची झुडपे: खानापूरची तांबडी माती आणि अथणीची काळी माती

अथणीजवळच्या मळ्यात घर असलेल्या एका भगिनींनी विचारले आहे की, गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या एका रोपवाटिकेतून त्यांनी गर्द निळ्या फुलांचे हायड्रेंजिया आणून अंगणात लावले. यंदा त्याला मळकट गुलाबी फुले आली आणि पाने पिवळी पडत चालली आहेत. हे रोप फसवून विकले गेले का, ते पुन्हा निळे होईल का, आणि घराच्या उन्हाच्या बाजूला व उत्तरेकडच्या सावलीच्या कोपऱ्यात खात्रीने निळी फुले देणारी दुसरी कोणती झुडपे लावावीत, असे त्यांचे प्रश्न आहेत. गेली सत्तावीस वर्षे मी खानापूर रस्त्यावर रोपवाटिका चालवीत आहे आणि पूर्वेकडच्या तालुक्यांतून येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून हाच प्रश्न थोड्याफार फरकाने दरवर्षी ऐकत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपली फसवणूक झालेली नाही. रोप तेच आहे. बदलली ती माती. हायड्रेंजियाच्या निळ्या आणि गुलाबी फुलांत रंगद्रव्य एकच असते, डेल्फिनिडिन वर्गातले. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती खरे तर त्या फुलाची निदले, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दले, असतात. मुळांवाटे शोषलेले ॲल्युमिनियम त्या निदलांपर्यंत पोहोचून रंगद्रव्याशी जोडले गेले, की ती निळी दिसतात. ते पोहोचले नाही, की तीच निदले गुलाबी होतात. ॲल्युमिनियम जवळजवळ प्रत्येक मातीत असते, परंतु मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी माती आम्ल) साडेपाचच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तरच ते पाण्यात विरघळून मुळांना मिळते. सामू साडेसहाच्या वर गेला की ते मातीतच अडकून पडते. खानापूर, जांबोटी आणि बेळगावचा पश्चिम भाग हा जांभ्या दगडापासून झालेल्या तांबड्या, आम्ल मातीचा प्रदेश आहे. वर्षानुवर्षांच्या धुवांधार पावसाने तिच्यातला चुना धुऊन नेलेला असतो. अथणी, रायबाग आणि चिकोडीच्या पूर्वेकडची जमीन काळी, चुनखडीयुक्त, आणि कृष्णाकाठी वर्षानुवर्षे उसाला भरमसाट पाणी दिल्यामुळे ठिकठिकाणी चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट, झालेली. त्यामुळे एकाच जिल्ह्यात, शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतराने, एकाच झाडाला दोन रंगांची फुले येतात, आणि दोन्ही रंग त्या त्या मातीचे अगदी खरे उत्तर असतात.

पाने पिवळी पडण्याचे कारणही हेच. ज्याला ऊस लावणारे आपण सगळे ‘केवडा’ म्हणतो, तोच हा प्रकार: मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते झाडाला घेता येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. शेंड्याची कोवळी पाने आधी पिवळी पडत असतील आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहिल्या असतील, तर तो लोहाचा केवडा. उलट खालची जुनी पाने आधी सरसकट पिवळी होऊन गळत असतील, तर नत्राची कमतरता किंवा मुळाशी साचलेले पाणी. पहिल्या प्रकारात शेणखत कितीही टाकले तरी फरक पडत नाही, आणि नेमके तेच आपण सगळे आधी करतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळून, ते गाळून, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर पानांवर दोन्ही बाजूंनी फवारावे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. पाने हिरवी होतील. पण हा इलाज पानांपुरता आहे, हे लक्षात असू द्या. मुळे त्याच जमिनीत असल्यामुळे पुढची पालवी पुन्हा पिवळीच येणार.

आपल्या मातीत चुना किती आहे हे घरी पाहायचे असेल, तर वाळलेल्या मातीचे मूठभर ढेकूळ बशीत घेऊन त्यावर व्हिनेगार ओता. माती फसफसली, बुडबुडे आले, तर चुना भरपूर आहे आणि त्या जमिनीत हायड्रेंजिया निळे करण्याचा नाद सोडावा हे बरे. सामूचा नेमका आकडा हवा असेल, तर मत्तिकोप्प किंवा तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करून मातीचा नमुना तपासून घ्यावा. नमुना घेताना वरची दोन बोटे माती बाजूला सारून वीतभर खोलीची माती घ्यावी, एवढे सांभाळा.

गंधक टाकून काळ्या जमिनीचा सामू खाली आणता येतो, असे पुष्कळजण सांगतात. हलक्या, चुना नसलेल्या जमिनीत ते खरेही आहे. मात्र चुनखडीच्या जमिनीत तुम्ही टाकलेल्या गंधकाचे जे आम्ल होते, ते चुना लगेच गिळून टाकतो, आणि चुन्याचा साठा इतका असतो की आपण थकतो, माती थकत नाही. मी स्वतः चिकोडीकडच्या एका बागेत सलग दोन वर्षे हा खटाटोप केला होता. पहिल्या वर्षी झुडपाच्या एका बाजूला फिकट निळसर झाक आली, त्यामुळे मालकांचा आणि माझाही हुरूप वाढला. दुसऱ्या वर्षी विहिरीच्या कठीण पाण्याने सगळे पूर्ववत झाले. तेव्हापासून पूर्वेकडच्या गिऱ्हाइकाला मी हायड्रेंजिया जमिनीत लावू देत नाही. हौस असेल तर एक कुंडी ठेवा, असे सांगतो.

ती कुंडी कशी भरावी, ते सांगतो. चौदा इंची मातीची कुंडी घ्यावी. त्यात दोन भाग पश्चिमेकडची तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग भिजवून निथळलेला नारळाच्या शेंड्यांचा भुसा असे मिश्रण भरावे. हाडांचा चुरा, सुपर फॉस्फेट, डीएपी यांपैकी काहीही घालू नये, कारण त्यांतला स्फुरद (फॉस्फरस) ॲल्युमिनियमला पकडून ठेवतो आणि मग आम्ल मातीतसुद्धा निळा रंग फिका पडतो. ही चूक मी धंद्याच्या सुरुवातीच्या काळात केली आहे. तांबडी माती, भरपूर पाऊस, सगळे अनुकूल असताना एका वाफ्यात मळकट जांभळी फुले आली, आणि कारण निघाले ते लागवडीच्या वेळी प्रत्येक खड्ड्यात प्रेमाने टाकलेला ओंजळभर हाडांचा चुरा. पाणी शक्यतो पावसाचे द्यावे. छपराच्या पागोळ्यांखाली एक पिंप ठेवले तरी एका कुंडीची बरीचशी गरज भागते. बोअरचे पाणी रोज दिले की कुंडीच्या काठावर पांढरा थर जमतो. तोच चुना हळूहळू मातीतही साठत असतो.

आता तुरटीविषयी. किराणा दुकानात मिळणाऱ्या तुरटीत ॲल्युमिनियम असते आणि ती माती थोडी आम्लही करते, म्हणून ती येथे उपयोगी पडते. लिटरभर पाण्यात चार ते पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर कुटलेली तुरटी विरघळवावी. कुंडीतली माती आधी साध्या पाण्याने ओली करावी आणि मगच हे पाणी बेताने, साधारण एक लिटर, घालावे. कोरड्या मातीत किंवा जास्त प्रमाणात घातल्यास मुळे पोळतात आणि पानांच्या कडा तपकिरी होतात. फेब्रुवारीत नवी पालवी फुटू लागली की सुरुवात करून तीन आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा हे करावे. रंग कळी घडत असतानाच ठरत असतो, म्हणून उमललेल्या गुलाबी गुच्छावर आज तुरटीचे पाणी घालून काहीही साधणार नाही. आणि पांढऱ्या जातीचे हायड्रेंजिया असेल, तर ते कशानेही निळे होत नाही. त्याच्यात ते रंगद्रव्यच नसते.

हायड्रेंजियाला सकाळचे नऊ-दहापर्यंतचे ऊन पुरते. अथणीकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारचे ऊन लागले की त्याची मोठी, पाणीदार पाने उकडल्यासारखी लोंबतात. कुंडी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या ओसरीवर ठेवावी. छाटणी फुले ओसरल्यावर लगेच, उशिरात उशिरा सप्टेंबरच्या आरंभी उरकावी: वाळलेल्या गुच्छाखाली जिथे टपोऱ्या डोळ्यांची पहिली जोडी दिसते, तिच्या अगदी वर कापावे, त्याहून खाली जाऊ नये. पुढच्या वर्षीची फुले या वर्षीच्या जून फांदीवरच्या डोळ्यांत दडलेली असतात. दिवाळीनंतर अंगण साफ करताना माळी जी सरसकट कापणी करतो, तिच्यात ती सगळी कापली जातात आणि पुढच्या वर्षी नुसती पाने मिळतात.

हायड्रेंजियावर इतके लिहावे लागले, कारण प्रश्न त्याचा होता. तरी माझे मत विचाराल तर, अथणीच्या अंगणासाठी निळे झुडूप म्हणजे निळा चित्रक, ज्याला रोपवाटिकेत प्लंबॅगो म्हणतात. आपल्या रानात औषधी, पांढऱ्या फुलांचा चित्रक होतो, त्याचाच हा दक्षिण आफ्रिकेतून आलेला भाऊबंद. ज्यांनी लहानपणी रब्बीत जवसाचे शेत फुललेले पाहिले आहे, त्यांना त्याचा रंग वेगळा सांगावा लागणार नाही: तोच फिकट, धुतलेला, सकाळच्या आभाळाचा निळा. मातीच्या बाबतीत तो फार चोखंदळ नाही, ऊन त्याला हवेच असते, आणि एकदा मुळे धरली की आठ-दहा दिवसांनी मिळालेल्या पाण्यावर उन्हाळा काढतो. काळ्या जमिनीत त्याला एकच धोका असतो, तो जुलै-ऑगस्टमध्ये मुळाशी पाणी तुंबण्याचा. म्हणून सपाट जमिनीत खड्डा करून न लावता वीतभर उंचीचा गादीवाफा करावा, त्यात दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन निम्मी माती, निम्मे शेणखत आणि दोन-तीन घमेली जाडी वाळू मिसळून भरावी. कुंपणासाठी रोपांत अडीच ते तीन फूट अंतर ठेवावे. एकेकटे झुडूप हवे असेल तर पाच फूट मोकळे सोडावे, कारण त्याच्या फांद्या कमानीसारख्या झुकत पसरतात.

काळी माती मार्चपासून भेगाळू लागते आणि त्या भेगांबरोबर कोवळी मुळे तुटतात. यावर आपल्या भागात फुकट मिळणारे औषध म्हणजे उसाचे पाचट. ते आळ्यात चार बोटे जाड पसरावे, मात्र खोडापासून वीतभर दूर ठेवावे, नाहीतर वाळवी पाचटावरून थेट सालीपर्यंत येते. पाचट पेटवून देण्याऐवजी दोन गाड्या बागेसाठी ठेवल्या, तर उन्हाळ्यात पाण्याच्या निम्म्या खेपा वाचतात.

प्लंबॅगोची फुले नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात, आणि छाटणीचे सगळे गणित येथून निघते. फेब्रुवारीच्या मध्याला, थंडी सरल्यावर, सबंध झुडूप जमिनीपासून दीड फुटावर निर्धास्तपणे कापावे. पहिल्या वर्षी हात थरथरतो, घरातली माणसेही बोलतात. पण एप्रिलमध्ये तेच झुडूप फुलांनी भरलेले दिसले की पुढच्या वर्षी कोणी काही म्हणत नाही. त्यानंतर प्रत्येक बहर संपला की वाळलेले तुरे चार बोटे फांदीसकट खुडावेत, म्हणजे पुन्हा फूट येते. असे वर्षातून तीन-चार बहर सहज मिळतात. खत म्हणाल तर छाटणीनंतर झाडामागे दोन घमेली शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरे. उसाच्या फडातला उरलेला युरिया झुडपाला घालायची सवय काहींना असते; त्याने हिरवीगार, लांबसडक फांदी वाढते आणि फूल मात्र हरवते.

या फुलाच्या देठाजवळचे हिरवे नळकांडे बोटांत धरून पाहा. त्यावर बारीक केसांसारख्या ग्रंथी असतात, त्यांच्या टोकाला चिकट थेंब असतो. त्यामुळे फुले कपड्यांना चिकटतात, आणि मुली ती कानाच्या पाळीला चिकटवून कर्णफुले म्हणून मिरवतात. त्याच कळ्यांवर तुम्हाला केव्हातरी छोटी, चपटी, हिरवट अळी दिसेल, आणि तिच्या मागेपुढे मुंग्या हिंडताना दिसतील. ती झेब्रा ब्लू नावाच्या लहान फुलपाखराची अळी. थोड्या कळ्या ती खाते, खाऊ द्यावी. तिच्यासाठी फवारणी करण्याइतके नुकसान मी तरी कधी पाहिले नाही. मात्र छाटणी करताना रबरी हातमोजे घालावेत, कारण चित्रकवर्गातील झाडांच्या रसाने, विशेषतः मुळांच्या, कातडीला आग होते आणि फोडही येतात.

पश्चिमेकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. खानापूर-जांबोटीच्या पावसात प्लंबॅगो तगतो, पण जून ते ऑगस्ट तो नुसता उभा असतो. फुले झडून काळी पडतात. त्याची शोभा तेथे गणपतीनंतर सुरू होते. बेळगाव शहर या दोहोंच्या मधले, सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले, म्हणून शहरातल्या बागांना दोन्हीकडचे थोडे थोडे साधते. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात हायड्रेंजिया आणि प्लंबॅगो एकमेकांपासून दहा पावलांवर फुललेले मी पाहिले आहेत. अथणीकर पाहुणा ते बघून हेवा करतो आणि मग रोप विकत घेऊन जातो, तसेच आपलेही झाले असावे.

उत्तरेकडच्या सावलीच्या कोपऱ्यासाठी मात्र प्लंबॅगो नको. सावलीत तो उंचच उंच वाढतो आणि फुलत नाही. तेथे एरँथेमम लावावे. हे झुडूप भारतीयच आहे. चार-पाच फूट वाढते, पाने गर्द हिरवी आणि शिरांच्या जाळ्यामुळे सुरकुतल्यासारखी दिसणारी, आणि जानेवारी ते मार्च या काळात, बागेत फारसे काही नसताना, त्याच्या तुऱ्यांवर जी फुले उमलतात त्यांचा निळा रंग मी विकत असलेल्या सगळ्या झुडपांत सर्वांत गडद आहे. प्लंबॅगोचा निळा दुपारच्या उन्हात विरून जातो. हा सावलीत पेटतो. याचाच एक जंगली भाऊ, दशमुळी, आपल्या घाटातल्या रानात होतो. त्याची फुले निळी उमलतात आणि कोमेजताना गुलाबी होतात, त्यामुळे एकाच तुऱ्यावर दोन रंग दिसतात.

एरँथेममची छाटणी प्लंबॅगोच्या अगदी उलट वेळेशी बांधलेली आहे. मार्चअखेर फुले संपली की लगेच त्याला गुडघ्याएवढे ठेवून कापावे. पावसाळ्यात येणाऱ्या नव्या फांद्यांचे शेंडे जून-जुलैत एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा खुडावेत, म्हणजे झुडूप बसके आणि भरगच्च होते. सप्टेंबर उजाडला की कात्री खुंटीला टांगावी. काही वर्षांपूर्वी मी परगावी असताना माझ्याच रोपवाटिकेत एका नव्या गड्याने दिवाळीच्या साफसफाईत चाळीस झुडपांची ओळ सुबक, एकसारखी कापून ठेवली. त्याला वाटले मी खूश होईन. त्या हिवाळ्यात ओळीवर एकही फूल आले नाही. दोष त्याचा नव्हता. प्लंबॅगो केव्हाही कापले तरी चालते हे मीच त्याला शिकवले होते आणि प्रत्येक झुडूप प्लंबॅगो नसते हे सांगायचे राहून गेले होते. एरँथेममला पाचोळ्याचे खत आवडते, थोडी ओल सतत लागते, आणि काळ्या मातीत ते चालते, मात्र त्यालाही गादीवाफा हवा. पान मलूल दिसले तर खालून पाहा. उन्हाळ्यात लाल कोळी तेथे जाळी करतो. दोन-तीन दिवस सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून मारला, तर बहुधा औषधाची गरज लागत नाही.

तिसरे झुडूप कोरांटी. पिवळी, काटेरी कोरांटी, म्हणजे वज्रदंती, सर्वांना ठाऊक असते. आपल्याला हवी ती बिनकाट्याची निळसर-जांभळी. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत फुलते, कोरडवाहू जमिनीतही जगते, आणि तिचे गजरे होतात म्हणून घरातल्या बायका ती आपोआप सांभाळतात. निळा म्हणून ती पूर्ण प्रामाणिक नाही. रोपवाटिकेत ‘निळे’ म्हणून जे विकले जाते त्यांतले पुष्कळसे जांभळे असते, मोबाइलच्या छायाचित्रात ते निळे दिसते आणि घरी आणल्यावर पुन्हा जांभळे होते. कोरांटी, ब्रन्फेल्सिया आणि थुनबर्जियाचे झुडूप ही त्याच पंगतीतली. रंगाबद्दल आपण काटेकोर असाल तर ही रोपे फुलावर असतानाच, दिवसाच्या उजेडात बघून घ्यावीत. कोरांटीची सुकलेली बोंडे तडकून बी लांब फेकतात, त्यामुळे एकदा लावलेल्या झुडपाभोवती दुसऱ्या वर्षी वीसेक पोरे उगवतात. नको असतील ती खुरपणीत काढावीत.

दुरांटा म्हणजेच नीलकांता पूर्वेकडे उत्तम होतो. तो फुलत नाही अशी तक्रार येते, तिचे कारण बहुतेक वेळा कात्रीच असते: कुंपण सरळ राखण्यासाठी महिन्याला कापत राहिले तर फुलोरा येणारी फांदी तयारच होत नाही. एका बाजूने तरी मोकळा वाढू द्यावा. त्याची पिवळी, मण्यांसारखी फळे विषारी आहेत, लहान मुले असलेल्या घरात फुलांनंतर ती छाटून टाकावीत. पूर्व आफ्रिकेतले निळे फुलपाखरू-झुडूप, ज्याचे फूल खरोखरच पंख पसरून बसलेल्या फुलपाखरासारखे असते, तेही हल्ली मिळते. त्याला प्लंबॅगोपेक्षा पाणी जास्त लागते, बाकी छाटणी तशीच.

खानापूरकडच्या वाचकांना मी आणखी दोन नावे सुचवीन, कारण ती त्यांच्या मातीची आहेत. अंजनी हे घाटमाथ्यावरचे सदाहरित झाड फेब्रुवारी-मार्चमध्ये असे फुलते की फांदीच्या सालीलाच निळ्या फुलांचे झुबके चिकटल्यासारखे वाटतात. वाढ अतिशय सावकाश. नातवंडांसाठी लावावे अशा जातीचे. दुसरी भारंगी, जिच्या कोवळ्या पानांची भाजी पावसाळ्यात केली जाते. तिची निळी फुले भर पावसात उमलतात, जेव्हा प्लंबॅगो मान टाकून असतो. दोन्ही बियांपासून किंवा रोपवाटिकेतून मिळवावीत. भीमगडसारख्या अभयारण्यातून रोप उपटून आणणे हा गुन्हा आहे आणि उपटलेली अंजनी जगतही नाही. कारवी मागायलाही लोक येतात. ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. तिला तिच्या डोंगरावर जाऊनच पाहावे.

ज्या गोष्टींत पैसे घालवू नयेत, त्यांबद्दल थोडक्यात. निळ्या गुलाबाचे बी म्हणून जे पुडीत मिळते ते निळ्या गुलाबाचे नसते, कारण गुलाबात डेल्फिनिडिन तयार करणारे जनुकच नाही. जपानमधील सनटोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलाचे जनुक घालून २००४ मध्ये जो गुलाब जाहीर केला, तोही प्रत्यक्षात फिकट जांभळाच आहे. लॅव्हेंडर आपल्या पावसाळ्यात मुळाशी कुजते. कॅलिफोर्नियातील सीनोथस या निळ्या झुडपाची चित्रे पाहून ते मागवणारेही भेटतात. त्याला कोरडा उन्हाळा आणि ओला हिवाळा लागतो, आपले ऋतू नेमके त्याच्या उलट.

रोपे घरीच करायची असतील तर प्लंबॅगो, एरँथेमम आणि कोरांटी तिन्ही छाट कलमाने सहज येतात. मृगाचा पाऊस स्थिरावला की, फार कोवळी नाही आणि फार जूनही नाही अशी, पेन्सिलीपेक्षा बारीक, तीन-चार पेरांची फांदी घ्यावी. खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्यावा, वरची दोन पाने अर्धी कापून ठेवावीत, बाकीची काढून टाकावीत, आणि निम्मी वाळू व निम्मी माती भरलेल्या पिशवीत दोन पेरे आत जातील अशी खोचावी. पिशव्या झाडाखाली ठेवल्या तर साधारण महिन्याभरात मुळे धरतात. पान फुटले म्हणजे मूळ फुटले असे समजू नका. फांदीतल्या साठ्यावरही पाने फुटतात. हलकेच ओढून पाहावे, विरोध जाणवला तरच हलवावे.

पिठ्या ढेकूण दुरांट्यावर आणि प्लंबॅगोवर उन्हाळ्यात येतो. पांढरा कापूस दिसण्याआधी मुंग्यांची रांग दिसते, तेव्हाच सावध व्हावे. लागण झालेली टोके कापून जाळावीत, उरलेल्यावर लिटरला पाच मिलि निंबोळी तेल आणि थोडा भांडी घासण्याचा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारावे, आठवड्याने पुन्हा.

आता आपल्या अंगणातील त्या झाडाचे या महिन्यात काय करावे, ते सांगतो. मळकट गुलाबी गुच्छ आहेत तसे राहू द्या. हिराकसचे दोन फवारे मारा. पावसाची उघडीप बघून, ढगाळ दिवशी संध्याकाळी, झाडाभोवती हातभर घेर धरून मातीच्या गड्ड्यासह ते काढा, गड्ड्याची बाहेरची काळी माती हलकेच झाडून टाका, पण मुळे धुऊ नका, आणि वर सांगितलेल्या मिश्रणाच्या कुंडीत बसवून उत्तरेच्या ओसरीवर ठेवा. पहिले पंधरा दिवस पाने लोंबतील, तेवढ्याने घाबरून पाणी वाढवू नका. गुच्छ वाळले की डोळ्यांची जोडी पाहून छाटणी, आणि तुरटी फेब्रुवारीपर्यंत अजिबात नको. रिकाम्या झालेल्या खड्ड्यात, त्याच आळ्यात, थोडी वाळू मिसळून आणि माती वीतभर उचलून प्लंबॅगोचे एक रोप लावून टाका. पाऊस अजून दोन महिने आहे, तेवढ्यात ते मूळ धरेल.